विंडोजमधील जुने ड्रायव्हर काढून नवे बसवणे : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यातून ड्रायव्हर बदलल्यानंतर बिघडलेले संगणक माझ्याकडे दुरुस्तीस येतात. तपासणी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. चूक ड्रायव्हर बसवताना झालेली नसते, ती त्याआधीच झालेली असते. यंत्राचे नेमके मॉडेल पाहिलेले नसते, जुन्या आवृत्तीची नोंद नसते आणि मागे परतण्याची वाटही ठेवलेली नसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टकडून विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार (सपोर्ट) संपला. तेव्हापासून दुकाने, सेवा केंद्रे आणि घरे यांतील संगणक विंडोज ११ वर नेण्याची घाई सुरू आहे व त्याबरोबर ही चूकही वाढली आहे. पुढील क्रम विंडोज १० आणि ११ या दोन्हींना लागू पडतो. पर्यायांची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात, तीच येथे देवनागरीत दिली आहेत.

टप्पा १ : ड्रायव्हर बदलण्याची गरज आहे का, हे ठरवा

जो भाग नीट चालतो आहे त्याचा ड्रायव्हर केवळ नवी आवृत्ती आली म्हणून बदलू नये. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रत्यक्ष भाग यांच्यामधला दुभाषा. तो नवा असण्यापेक्षा त्या भागाला आणि त्या विंडोजला जुळणारा असणे अधिक महत्त्वाचे असते. बदलाची रास्त कारणे थोडीच आहेत : डिव्हाइस मॅनेजरमध्ये (संगणकातील सर्व भागांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) पिवळा त्रिकोण दिसणे, विंडोजची आवृत्ती बदलणे, उत्पादकाने सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त केलेली असणे, किंवा तुम्हाला येणारी नेमकी अडचण नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात नोंदलेली असणे.

दोष ड्रायव्हरचा आहे की यंत्राचा, हेही याच टप्प्यावर पाहावे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, लॅपटॉपच्या पंख्यात वर्षभराची धूळ बसलेली असते आणि तापलेल्या ग्राफिक्स चिपमुळे पडद्यावर रेषा उमटू लागतात. अशा यंत्राचे ड्रायव्हर तीन-तीनदा बदलून पाहिलेले मी पाहिले आहेत. ओळखण्याची पद्धत सोपी आहे.

*पडताळणी :* संगणक सुरू होताच बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमच्या, पडद्यावर जा. त्या वेळी विंडोज किंवा विंडोजचा कोणताही ड्रायव्हर सुरू झालेला नसतो. तेथेही पडद्यावर रेषा दिसत असतील तर दोष यंत्रात आहे आणि पुढचे टप्पे करून उपयोग होणार नाही.

टप्पा २ : यंत्राची आणि भागाची नेमकी ओळख पटवा

स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. ‘सिस्टिम मॉडेल’, ‘सिस्टिम टाइप’ आणि ‘बायोस व्हर्जन’ या तीन ओळी उतरवून घ्या. लॅपटॉपसाठी पूर्ण मॉडेल क्रमांक लागतो. एकाच मालिकेच्या नावाखाली इंटेलचा आणि एएमडीचा असे दोन वेगळे लॅपटॉप विकले जातात आणि बाहेरून ते हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून मालिकेच्या नावावर विसंबू नये. तळाच्या स्टिकरवरील अनुक्रमांक सर्वांत खात्रीचा. जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर ‘सिस्टिम मॉडेल’च्या ओळीत बऱ्याचदा काहीच अर्थपूर्ण नसते, तेव्हा ‘बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर’ आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळींवरून मदरबोर्डचे नाव कळते.

‘सिस्टिम टाइप’मध्ये ६४ हा आकडा असेल तर ६४-बिटचेच ड्रायव्हर लागतील. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. त्यामुळे ज्या जुन्या उपकरणासाठी केवळ ३२-बिटचा ड्रायव्हर उपलब्ध आहे, ते विंडोज ११ वर चालणार नाही. हे आधी कळले तर पुढची धावपळ वाचते.

आता स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘अननोन डिव्हाइस’ असे लिहिलेल्या भागावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ टॅबवर जा आणि वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांब, गूढ वाटणारी ओळ दिसेल. तिच्यात ‘व्हेन’ या खुणेनंतर चार चिन्हे असतात, ती उत्पादकाची. ‘डेव्ह’ या खुणेनंतरची चार चिन्हे त्या भागाची. ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रियलटेक. यूएसबीच्या उपकरणांत हीच माहिती ‘व्हिड’ आणि ‘पिड’ या खुणांखाली मिळते. संपूर्ण ओळ कॉपी करून जपून ठेवा, कारण नाव फसवे असू शकते पण हा क्रमांक सहसा फसवत नाही.

टप्पा ३ : सध्याच्या ड्रायव्हरची नोंद करा

‘प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर’ टॅब उघडा. तेथे ‘प्रोव्हायडर’, ‘डेट’ आणि ‘व्हर्जन’ या तीन ओळी असतात. मोबाइलने त्यांचा फोटो काढा. बदल करावयाच्या प्रत्येक भागासाठी वेगळा फोटो हवा. हे काम दोन मिनिटांचे आहे. पुढे कोणती आवृत्ती चालत होती असा प्रश्न आला की उत्तर देणारी दुसरी कोणतीही गोष्ट तुमच्याजवळ नसते.

तारखेबाबत एक समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. अनेक भागांपुढे २१ जून २००६ ही तारीख दिसते आणि वापरणाऱ्याला वाटते की ड्रायव्हर फार जुना झाला. वस्तुतः विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर हीच तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे उत्पादकाचा नेमका ड्रायव्हर मिळताच विंडोज त्याला अधिक मान देते. इंटेलच्या चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरील भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिपच्या, नोंदींवर तर १८ जुलै १९६८ ही तारीख आढळते, जी त्या कंपनीच्या स्थापनेची आहे. येथेही हेतू तोच असतो.

*सावधान :* केवळ तारीख जुनी दिसते म्हणून ‘सिस्टिम डिव्हाइसेस’ या गटातील काहीही बदलू नका.

टप्पा ४ : नवे ड्रायव्हर मिळवा, पण योग्य ठिकाणाहून

लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून पाहावे. टचपॅड, फंक्शनच्या कळा, ध्वनी आणि बॅटरीशी संबंधित ड्रायव्हर त्या कंपनीने आपल्या यंत्रासाठी जुळवून घेतलेले असतात व चिप बनवणाऱ्याचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्यांची जागा नीट घेऊ शकत नाही. तेथे न मिळाल्यास चिपच्या उत्पादकाकडे जावे. विंडोज ११ च्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘ऑप्शनल अपडेट्स’ येथेही ड्रायव्हरची यादी असते. पण त्या यादीतील सगळ्या चौकटींवर एकदम खूण करू नये. ज्या भागात अडचण आहे तेवढाच निवडावा.

एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अद्ययावत करून देण्याचा दावा करणाऱ्या त्रयस्थ प्रोग्रॅमपासून दूर राहण्याचा माझा आग्रह आहे. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपवर अशा प्रोग्रॅमने एका रात्रीत बरेच ड्रायव्हर बदलले होते. सकाळी टचपॅड मेलेला, आवाज गेलेला, आणि कोणता ड्रायव्हर कोणत्या कारणाने बिघडला हे सांगणारी एकही नोंद नाही. मालक दारातूनच म्हणाले, “दादा, बठ्ठं बंद पडी गयं.” (सगळं बंद पडलं.) एकेक भाग शोधून जागेवर आणायला दुपार गेली.

सर्वांत आधी नेटवर्कचा, म्हणजे वायफायचा आणि लॅन केबलच्या जोडणीचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. इतर सर्व ड्रायव्हर नंतर इंटरनेटवरून आणता येतात, हा एकच आणता येत नाही. उतरवलेली फाइल झिप स्वरूपात असेल तर ती आधी उलगडा. झिपच्या आतूनच ‘सेटअप’ चालवल्याने अर्धवट बसलेले ड्रायव्हर मी वारंवार पाहतो.

*पडताळणी :* उतरवलेल्या सेटअप फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब असावा आणि त्यात त्याच उत्पादकाचे नाव दिसावे. टॅब नसेल किंवा नाव भलतेच असेल तर ती फाइल चालवू नका.

टप्पा ५ : मागे परतण्याची वाट तयार ठेवा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात. बिघाड झाल्यावर यंत्र अर्ध्या तासात परत मिळणार की दोन दिवस दुकानात राहणार, हे मात्र येथेच ठरते.

प्रथम रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजच्या आजच्या स्थितीची, पुन्हा परतता येईल अशी नोंद. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ असे लिहिलेले असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन संरक्षण सुरू करा आणि मग ‘क्रिएट’ दाबून आजच्या तारखेचे नाव द्या. रिस्टोअर पॉइंट तुमची कागदपत्रे आणि फोटो जपत नाही. त्यांची प्रत वेगळी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट सध्याच्या ड्रायव्हरची प्रत. सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’, त्यात ‘ड्रायव्हरस्टोअर’ आणि त्यात ‘फाइलरिपॉझिटरी’ हे फोल्डर असते. संगणकात बसवलेल्या ड्रायव्हरचे संच तेथे साठवलेले असतात. हे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आकार काही जीबी होईल, पण नवा ड्रायव्हर फसला आणि जुना कोठेच मिळेना, तेव्हा हीच प्रत कामास येते. त्या फोल्डरमधून काहीही कट करू नका व पुसू नका, फक्त कॉपी करा.

तिसरी गोष्ट नव्या लॅपटॉपांसाठी. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांवर डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डिस्क वाचता येऊ नये असे कुलूप, मालकाच्या नकळत सुरू असते. ड्रायव्हर बदलताना सेफ मोडमध्ये (मोजक्याच मूळ ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जावे लागले किंवा बायोस बदलले, तर यंत्र ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे या कुलपाची किल्ली, मागू शकते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ज्याने पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करून दिला त्याच्याच ई-मेलचे ते खाते असते आणि तो भाचा आता पुण्याला नोकरीस असतो. काम सुरू करण्याआधी ते खाते उघडून की कागदावर लिहून घ्या.

चौथी गोष्ट वीज. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जर जोडलेला असावा. डेस्कटॉप यूपीएसवर असावा आणि तो यूपीएस दहा मिनिटे तरी तग धरतो हे आधी पाहिलेले असावे. तुमच्या गावात भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे हे काम काढू नका.

*सावधान :* बायोस किंवा फर्मवेअरचे (भागातच साठवलेल्या प्रोग्रॅमचे) अपडेट ड्रायव्हरच्या यादीतच दिसते, पण ते ड्रायव्हर नव्हे. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ड्रायव्हर बदलण्याच्या बैठकीत त्याला हात लावू नका.

टप्पा ६ : क्रम ठरवा

एकाच भागाचा ड्रायव्हर बदलायचा असेल तर क्रमाचा प्रश्न येत नाही. विंडोज नव्याने टाकले असेल तर मात्र पुढील क्रम पाळावा : आधी चिपसेट, मग स्टोरेज, त्यानंतर नेटवर्क, मग ग्राफिक्स, मग ध्वनी, त्यानंतर टचपॅड, ब्लूटूथ, कॅमेरा, कार्ड रीडर आणि सर्वांत शेवटी प्रिंटर, स्कॅनर यांसारखी बाहेरून जोडायची उपकरणे. मदरबोर्डवरील इतर भाग विंडोजला नीट ओळखता यावेत यासाठी चिपसेट आधी. प्रत्येक ड्रायव्हरनंतर संगणक रीस्टार्ट करावा. वेळ लागतो, पण कोणत्या पायरीवर बिघडले ते नेमके कळते.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नाही. लोक डिस्क खराब झाली असे समजून नवी घ्यायला निघतात. बहुतेक वेळा अशा यंत्राला इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर आधी द्यावा लागतो. तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते फोल्डर दाखवा, डिस्क यादीत येते.

टप्पा ७ : प्रत्यक्ष बदल

काम सुरू करण्यापूर्वी ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘पॉज’ निवडून अपडेट एका आठवड्यासाठी थांबवा. अन्यथा तुम्ही एक ड्रायव्हर बसवत असताना विंडोज पाठीमागून दुसराच आणून बसवते. अँटीव्हायरस वगळता इतर सर्व प्रोग्रॅम बंद करा.

*पहिली पद्धत, सेटअप फाइलने.* उत्पादकाने सेटअप दिला असेल तर हीच पद्धत वापरावी. फाइलवर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसताना पडदा दोन-तीन सेकंद पूर्ण काळा होतो, चिन्हे मोठी होऊन पसरतात आणि पुन्हा जागेवर येतात. हे नेहमीचेच आहे. या काळ्या पडद्याला घाबरून पॉवरचे बटण दाबून धरणाऱ्यांचे संगणक अर्धवट ड्रायव्हरसह माझ्याकडे येतात. पडदा काळा झाला तर दहा मिनिटे हात बांधून बसा.

*दुसरी पद्धत, डिव्हाइस मॅनेजरमधून.* सेटअप नसेल आणि उलगडलेल्या फोल्डरमध्ये नुसत्या फाइली असतील तर भागावर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर फॉर ड्रायव्हर्स’ निवडा, फोल्डर दाखवा आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण असल्याची खात्री करा. वरचा, आपोआप शोधण्याचा पर्याय निवडू नका. तो बहुधा ‘उत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे’ असे सांगून थांबतो आणि वापरणारा काम झाले असे समजतो. त्या वाक्याचा अर्थ इतकाच की विंडोजला त्याच्या नजरेच्या टप्प्यात याहून जवळचा जुळणारा ड्रायव्हर सापडला नाही. उत्पादकाकडे नवा नाहीच, असे त्यातून सिद्ध होत नाही.

*तिसरी पद्धत, जुना पूर्ण काढून.* ही पद्धत ग्राफिक्ससाठी, किंवा वरील दोन्ही पद्धती फसल्यावरच वापरावी. इंटरनेट तोडा, म्हणजे केबल काढा व वायफाय बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडल्यावर एक छोटी चौकट येते आणि ड्रायव्हरची फाइलही पुसायची का, असे विचारते. तेथे खूण केली तर जुना ड्रायव्हर भांडारातूनच (ड्रायव्हरस्टोअरमधूनच) जातो. खूण न केल्यास रीस्टार्टनंतर विंडोज तोच जुना ड्रायव्हर पुन्हा बसवते आणि मग “काढला तरी जात नाही” अशी तक्रार येते. तेव्हा खूण करावी, पण नवा ड्रायव्हर त्याच संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर हजर असेल तेव्हाच.

पीक विम्याच्या अर्जांची मुदत संपत आलेली असताना पारोळ्याकडच्या एका सेवा केंद्राच्या चालकाने वायफाय मंद आहे म्हणून त्याचा ड्रायव्हर त्या चौकटीवर खूण करून काढला, आणि नवा आणायला इंटरनेटच उरले नाही. बाहेर शेतकऱ्यांची रांग उभी. त्याने फोन केला तेव्हा मी त्याला मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडून मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टिथरिंग’ (मोबाइलचे इंटरनेट केबलने संगणकाला देणे) सुरू करायला सांगितले. अँड्रॉइडच्या या जोडणीसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. काही सेकंदांत जोडणी झाली आणि वायफायचा ड्रायव्हर उतरवता आला. केबल डेटा नेणारी असावी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलवर टिथरिंगचा पर्याय अंधूकच राहतो.

*सावधान :* ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ या गटातील कंट्रोलर डेस्कटॉपवर अनइन्स्टॉल करू नका. माउस आणि कीबोर्ड त्याच मार्गाने चालतात, दोन्ही एकदम बंद पडतात आणि पुढची चौकट बंद करायलाही काही हाती राहत नाही.

ड्रायव्हरची स्वाक्षरी तपासणे बंद करून जुना ड्रायव्हर बसवण्याच्या सूचना अनेक ठिकाणी दिलेल्या आढळतात. त्या पाळू नयेत. ज्या ड्रायव्हरची स्वाक्षरी पटत नाही तो विंडोजच्या गाभ्यात शिरकाव मागत असतो, आणि ज्या संगणकावरून लोकांचे आधार क्रमांक व बँकेचे व्यवहार होतात त्यावर ही सूट देणे धोक्याचे आहे.

टप्पा ८ : येथे नेहमी फसणारी तीन उपकरणे

*प्रिंटर.* यूएसबीचा प्रिंटर आधी जोडून मग ड्रायव्हर टाकणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. केबल जोडताच विंडोज स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते, छपाई होते पण स्कॅन होत नाही. केबल काढून ठेवा, सेटअप चालवा आणि तो सांगेल तेव्हाच जोडा. जुना ड्रायव्हर काढताना यादीतून प्रिंटर पुसणे पुरेसे नसते. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये जाऊन तेथूनही तो काढावा लागतो. ड्रायव्हर वापरात आहे असे उत्तर आले तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट करा आणि लगेच पुन्हा प्रयत्न करा.

*बोटांच्या ठशांचे यंत्र.* आधार पडताळणीच्या यंत्राला दोन गोष्टी लागतात, यंत्राचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस, म्हणजे यंत्रातील ठसा पडताळणीच्या संकेतस्थळापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम. या दोन्ही वेगळ्या आहेत. ड्रायव्हर बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्र दिसते, परंतु आरडी सर्व्हिस चालू नसेल तर संकेतस्थळाला ते सापडत नाही. यंत्र काढून ठेवा, दोन्ही जुने प्रोग्रॅम काढा, रीस्टार्ट करा, आधी ड्रायव्हर आणि नंतर आरडी सर्व्हिस बसवा व शेवटी यंत्र जोडा. संगणकाची तारीख व वेळ अचूक हवी. ती चुकीची असेल तर ड्रायव्हर बिनचूक असूनही पडताळणी नाकारली जाते.

*वजनकाट्याची केबल.* जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर उभी राहते आणि वजन एका यूएसबी-सीरियल केबलने संगणकात येते. या केबलींत पीएल-२३०३ मालिकेची चिप फार आढळते. तिच्या जुन्या प्रकाराला नवा ड्रायव्हर स्वीकारतच नाही. अपडेट झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागी ‘ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाची ओळ येते. अशा वेळी ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ आणि मग ‘लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट’ या मार्गाने यादीतील जुनी आवृत्ती निवडली की केबल बहुधा चालू लागते. नंतर पोर्टचा, म्हणजे केबलच्या जोडणीला विंडोजने दिलेला ‘कॉम’ क्रमांक पाहायला विसरू नका. काट्याच्या प्रोग्रॅममध्ये कॉम ३ लिहिलेले असते आणि बदलानंतर केबल कॉम ५ वर गेलेली असते. पोर्टच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट सेटिंग्ज’, मग ‘अॅडव्हान्स्ड’ येथे जुना क्रमांक पुन्हा देता येतो.

टप्पा ९ : पडताळणी

संगणक ‘शटडाउन’ करून पुन्हा सुरू करणे आणि ‘रीस्टार्ट’ करणे या दोन सारख्या गोष्टी नाहीत. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोज आपल्या गाभ्याची व ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. रीस्टार्टमध्ये सर्व काही नव्याने वाचले जाते. म्हणून तपासणीपूर्वी रीस्टार्टच करावे.

त्यानंतर ‘ड्रायव्हर’ टॅबमधील आवृत्ती टप्पा ३ च्या फोटोशी ताडून पाहा. आवृत्ती बदललेली नसेल तर सेटअपने ‘यशस्वी’ म्हटले असले तरी काम झालेले नाही. आवाज, वायफाय, कॅमेरा वापरून पाहा. लॅपटॉपचे झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. झोपेतून उठताना वायफाय न परतणे किंवा पडदा काळा राहणे हे न जुळणाऱ्या ड्रायव्हरचे ओळखीचे लक्षण आहे आणि ते नुसत्या रीस्टार्टने उघडकीस येत नाही. दोन दिवसांनी ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ (विंडोजमधील बिघाडांची दिवसवार नोंद) उघडा. बदल केलेल्या तारखेपासून लाल खुणा सुरू झाल्या असतील तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

टप्पा १० : बिघडलेच तर

भागाच्या ‘जनरल’ टॅबमध्ये एक कोड दिसतो, तो वाचल्याशिवाय काही करू नये. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. १० म्हणजे भाग सुरू होऊ शकला नाही, येथे बहुधा आवृत्ती जुळत नाही. ५२ म्हणजे डिजिटल स्वाक्षरी पटली नाही. २२ म्हणजे कोणीतरी भाग बंद करून ठेवला आहे, ‘एनेबल’ केले की चालतो. ४३ म्हणजे भागाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने तो थांबवला. हा कोड ड्रायव्हर बदलूनही टिकला तर भाग, केबल किंवा पोर्ट तपासावा.

मागे परतताना लहान उपायापासून सुरुवात करावी. पहिला उपाय ‘ड्रायव्हर’ टॅबमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण अंधूक असेल तर मागची आवृत्ती भांडारात नाही. मग टप्पा ५ मध्ये घेतलेल्या प्रतीचे फोल्डर ‘ब्राउझ’ करून दाखवा. तेही फसले तर रिस्टोअर पॉइंट. विंडोज उघडतच नसेल तर ते सलग काही वेळा अडखळल्यानंतर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन रीस्टार्ट करा. मग ४ दाबले की सेफ मोड, ५ दाबले की नेटवर्कसह सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच मूळ ड्रायव्हर वापरते, त्यामुळे बिघडवणारा ड्रायव्हर तेथे काढता येतो.

सर्व काही आठवडाभर नीट चालले की थांबवलेले विंडोज अपडेट पुन्हा सुरू करा. पॉज केलेली अपडेट तशीच महिनाभर विसरलेली मी पाहतो. जागा मोकळी करण्यासाठी ‘डिस्क क्लीनअप’ चालवाल तेव्हा ‘डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस’ या ओळीवरील खूण किमान महिनाभर काढून ठेवा, कारण ती साफ झाली की रोल बॅकचे बटण अंधूक होते. फाइलरिपॉझिटरीची प्रत असलेल्या फोल्डरला संगणकाचे मॉडेल आणि तारीख असे नाव देऊन ते बाहेरच्या डिस्कवरच राहू द्या.